चौकटीवरची पाचवी रेघ

१

विकायला काढलेलं घर रिकामं असलं की गिऱ्हाईक त्यात दोन मिनिटं थांबत नाही, आणि राहतं असलं की दुसऱ्यांच्या पसाऱ्याला नाक मुरडतं. मधलं काहीतरी लागतं. ते मधलं काहीतरी करून देणं हा मांडणीताईचा धंदा होता. रिकाम्या घरात ती एक अख्खं कुटुंब मांडायची, फक्त माणसं सोडून. टोपलीत प्लास्टिकची लिंबं, फळीवर आतून पोकळ पुस्तकं, सोफ्यावर कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी टाकलेली शाल, न्हाणीघरातल्या पेल्यात दातांचे ब्रश. घर विकलं की सगळं परत खोक्यांत आणि खोकी परत गोदामात. बारा वर्षं हेच करत आल्यामुळे तिचं खरं नाव एजंट लोकांना आठवायचंही नाही. सगळ्यांची ती मांडणीताई.

समुद्राजवळचं ते घर तिच्याकडे आलं तेव्हा दीड वर्ष पडून होतं. तसं बघायला गेलं तर घर कसं, नजर लागावी असं. दोन मजली, पांढरंशुभ्र, जिकडेतिकडे काचा. स्वयंपाकघरातलं सरकतं दार उघडलं की चार पायऱ्या, आणि त्यापुढे वाळूच वाळू. बांधल्यापासून त्यात कुणी राहिलंच नव्हतं. लोक बघायला येत, वा वा करत, आणि पुन्हा फोन करत नसत.

"ताई, लोक आत आले की कुजबुजत बोलतात हो," एजंट म्हणाला. हा माणूस एकदा सुरू झाला की बंद होत नसे, म्हणून तिनं त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं, आणि त्यालाही ते आवडायचं. "दवाखान्यात आल्यासारखे कुजबुजतात. इथे लेकरू बागडतंय असं वाटलं पाहिजे. एवढं करा, घर गेलंच म्हणून समजा."

आता पंचाईत अशी, की मुलांच्या सामानाचं खोकं त्या आठवड्यात दुसऱ्या घरात अडकलेलं होतं. ज्या म्हाताऱ्या मावशीच्या हाताखाली ती हे काम शिकली, त्या मावशीचा एकच कडक नियम होता. बाकी काहीही चालेल, पण स्वतःच्या घरातली वस्तू मांडायला न्यायची नाही. चमचासुद्धा नाही. का, ते मावशीनं कधी सांगितलं नव्हतं. वस्तू फुटतात, हरवतात, म्हणून असेल असं धरून मांडणीताईनं तो नियम बारा वर्षं पाळला होता. एकदा मोडला तर काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून तिनं घरून पिशवी भरली.

पिशवीत टिल्लीचे पिवळे गमबूट होते, पिवळा रेनकोट होता आणि सशाचं चित्र असलेला मग होता. टिल्लीचा टाकायला काढलेला ब्रशही होता, कारण नवा कोरा ब्रश पाहणाऱ्याला लगेच कळतो. पेल्यात आईबाबांचे म्हणून दोन नवे ब्रश ठेवले, आणि मधोमध हा, केस विस्कटलेला.

टिल्ली म्हणजे तिची लेक. आठ वर्षांची, पण कुणीही सहाची म्हणावी एवढीशी. गमबूट दोन वर्षांपूर्वी घेतले होते आणि अजून पायाला बरोबर बसत होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक आहे म्हणाले, वाट पाहू म्हणाले. वाट पाहण्यात दोन वर्षं गेली होती. शाळेच्या फोटोत टिल्ली दरवर्षी पहिल्या रांगेत, दरवर्षी त्याच टोकाला. 'टिल्ली' हे नाव लाडानं ठेवलं तेव्हा ते असं अंगाशी येईल असं कुणाला वाटलं होतं? आता कुणी त्या नावानं हाक मारली की आईच नजर चुकवायची, पण नाव काही सुटत नव्हतं.

सगळं मांडून झालं आणि तिला आणखी एक सुचलं. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट पांढरी होती, नितळ. तिनं पेन्सिल घेतली आणि चौकटीवर उंचीच्या रेघा ओढल्या. पाचवा वाढदिवस, सहावा, सातवा, आठवा. तारखा टिल्लीच्याच टाकल्या. मापं मात्र टिल्लीची नव्हती. डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यात त्या त्या वयाच्या पुढे जे आकडे होते, आणि जे तिला झोपेतून उठवलं तरी आठवले असते, ते तिनं फूटपट्टीनं मोजून घातले. चारही रेघा कशा सरळ वर चढत गेल्या होत्या. ती दोन पावलं मागे सरकून बघत राहिली आणि तिला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

२

दर गुरुवारी दुपारी ती त्या घरी चक्कर मारायची. शनिवारी लोक बघायला यायचे, त्याआधी धूळ पुसायची, उशा फुगवायच्या, काचांवर बसलेला खारा थर काढायचा. समुद्राजवळच्या घराचं हे एक दुखणंच. बाहेरचं कितीही बाहेर ठेवा, ते आत येतंच.

पहिल्या गुरुवारी ती न्हाणीघरात गेली, आरसा पुसला आणि सवयीनं पेला उचलून तळाशी फडकं फिरवलं. फडकं ओलं झालं. तिनं ब्रश चाचपून पाहिले. बाजूचे दोन्ही कोरडे ठणठणीत. मधला ओला.

'दमट हवा,' ती मनाशी म्हणाली. पण दमट हवा तिघांतल्या एकालाच बरी लागते? मग तिनं दुसरं कारण शोधलं. बघायला आलेल्यांपैकी कुणाच्या तरी आगाऊ पोरानं नळाखाली धरला असणार. हे कारण पटण्यासारखं होतं. फक्त शनिवारला पाच दिवस होऊन गेले होते, हे तिला घरी जाताना बसमध्ये आठवलं.

दुसऱ्या गुरुवारी गमबुटांत वाळू होती. दारातल्या फळीवर तिनं बुटांची टोकं बाहेर करून ठेवली होती, कारण तसे ते फोटोत छान दिसतात. आता टोकं आत होती, आणि एक बूट आडवा पडला होता. टिल्ली घरी अगदी अस्सेच बूट भिरकावते. तिनं बूट उपडा केला. मूठभर वाळू पडली, आणि ती वाळू ओली होती.

तिनं रेडिओला फोन लावला. "अहो, किल्ली आणखी कुणाकडे आहे का?"

"एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. का हो? चोरी झाली की काय? तुमची लिंबं गेली?" तो खो खो हसला.

"लिंबं आहेत. कुणीतरी आत येतंय असं वाटलं."

"येऊ द्या की ताई! कुणीतरी यावं म्हणूनच तर दीड वर्ष घसा कोरडा करतोय." मग जरा गंभीर होऊन तो म्हणाला, "कुलपं नीट आहेत. वाऱ्यानं वाळू कुठेही जाते. एवढं मनाला लावून घेऊ नका."

वाऱ्यानं वाळू जाते, ते खरंच. तिनं बूट पुसून टोकं बाहेर करून ठेवले. कुलूप लावताना आतून फरशीवर रबरी तळव्यांचा 'चपक' असा एक आवाज आला. पाठोपाठ दुसरा आला नाही. एका आवाजावरून काय म्हणणार? ती दारापाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग बस चुकेल म्हणून निघाली.

३

तिसऱ्या गुरुवारी चौकटीवर पाच रेघा होत्या.

तिनं चार ओढल्या होत्या. मोजायला चुकण्यासारखा तो आकडा नव्हता. पाचवी रेघ चौथीच्या वर चांगली दोन बोटं होती, आणि पुढे तारीख होती, कालची. अक्षराकडे तिनं बघायचं टाळलं आणि मग बघितलंच. तिच्या अक्षरात 'आठ'च्या आकड्याची शेपटी खाली वळून पुन्हा वर यायची. शाळेत त्यासाठी तिनं बाईंचा मार खाल्ला होता. या तारखेतल्या आठालाही तीच शेपटी होती.

'मीच ओढली असेन,' तिनं स्वतःला सांगितलं. मागच्या खेपेला, घाईत, कशाच्या तरी तंद्रीत. पण मागची खेप गुरुवारची आणि तारीख बुधवारची. बुधवारी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका तीन खोल्यांच्या घरात पडदे लावत होती, आणि पडदेवाला साक्षीला होता.

वरच्या मजल्यावर कुणीतरी धावलं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हलक्या पायांनी, आणि थांबलं. ती जिन्याखाली उभी राहून ऐकत राहिली. समुद्राचा आवाज, काचेवर वाळूची चरचर, स्वतःचा श्वास. वर जाऊन बघायला हवं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. तिनं पिशवीतून खोडरबर काढलं आणि पाचवी रेघ खसाखसा पुसून टाकली, तारखेसकट. जाताना ओला ब्रशही कचऱ्याच्या पिशवीत घालून बरोबर नेला आणि कोपऱ्यावरच्या पिंपात टाकला. असल्या चाळ्यांचा असाच बंदोबस्त केला पाहिजे, असं काहीतरी ती पुटपुटत होती.

४

महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी टिल्लीची उंची मोजायचा रिवाज होता. चौकट इथेही स्वयंपाकघराचीच. इथल्या रेघा इतक्या जवळजवळ होत्या की जिना म्हणावा तर मुंगीचा.

"ताठ उभी राहा. टाचा लाव," आई म्हणाली. टिल्लीनं टाचा लावल्या. डोक्यावर दोन भोवरे असल्यामुळे तिचे मधले केस नेहमी उभे राहायचे, ते दाबून आईनं पुस्तक टेकवलं आणि पेन्सिल फिरवली.

"वाढले?" टिल्लीनं मान वर न करता विचारलं.

नवीन रेघ मागच्या महिन्याच्या रेघेखाली होती. फार नाही, करंगळीच्या नखाएवढी.

"परत उभी राहा गं. वाकली असशील."

परत तेच. तिसऱ्यांदा तेच. मांडणीताईचा नवरा फरश्या बसवायचं काम करायचा. तो चहाचा कप घेऊन आला, गुडघ्यावर बसून त्यानं फरशी निरखली आणि पाणसळ लावून सपाटीसुद्धा बघितली. "ही फरशी मी स्वतः बसवलीय. केसभर हलायची नाही," तो म्हणाला, आणि मग बायकोचा चेहरा बघून आवाज खाली आणत पुढे म्हणाला, "अगं, मुलं कधी कमी होतात का? तुझा हात थरथरला असेल."

"हो. हातच थरथरला," ती म्हणाली.

 एरवी टिल्ली "मला शेंगेसारखं लटकवा, मग वाढेन" असलं काहीतरी बोलून सगळ्यांना हसवायची. आज खुर्चीत जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवले. रात्री झोपायच्या आधी आईनं विचारलं, "दात घासले?"

"घासले की."

आईनं जाऊन पाहिलं. टिल्लीचा नवा ब्रश पेल्यात होता, केस उभेच्या उभे, कोरडा.

५

पुढच्या शनिवारी रेडिओचा फोन आला तेव्हा तो आनंदानं नुसता उड्या मारत होता.

"ताई, घर गेलं! म्हणजे गेल्यातच जमा. आजचं जोडपं एकदम खूश. आत आल्यावर कुजबूज नाही काही नाही, मोठमोठ्यानं हसत होते. तुमची कमाल आहे बुवा. आणि हे तुम्ही चांगलं केलंत हां, मुलीला आणून बसवायचं. मला आधी सांगायचं तरी!"

"कुणाला?"

"तुमच्या मुलीला. मी गाडी लावत होतो तेवढ्यात हे दोघं पुढे गेले, तर दार तिनंच उघडलं म्हणे. 'या' म्हणाली. पिवळा रेनकोट घालून. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि ही रेनकोटात! बाईंना इतकं कौतुक वाटलं. म्हणाल्या, मुलगी गोड आहे हो, आणि आठ वर्षांचीच सांगते पण चांगली उंच आहे वयाच्या मानानं."

मांडणीताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. टिल्ली समोर सोफ्यावर बसली होती. सकाळपासून तिथेच होती.

खोटं कशाला सांगायचं? भीती नंतर आली. आधी तो शब्द आला. उंच. हा शब्द तिच्या लेकीबद्दल कुणीतरी म्हणावा म्हणून तिनं दोन वर्षं काय काय केलं होतं! डॉक्टर, दूध, लटकायची दांडी, नको नको ती बोलणी. आणि आता कुणीतरी सहज, कौतुकानं तो म्हणून गेलं होतं. क्षणभर तिला आतून सुख वाटलं. मग तिनं टिल्लीकडे बघितलं आणि त्या सुखाची तिला शिसारी आली.

"तुम्ही पाहिलंत तिला?" तिनं विचारलं.

"मी आत गेलो तेव्हा वर पळाली होती. पावलं ऐकली. लाजरी आहे वाटतं? बरं, ऐका. सोमवारी सकाळी तुमचं सामान उचलायचं. आणि दुपारी रंगारी येतोय, भिंती नि चौकटी एकदा पांढऱ्या करून द्यायच्यात. त्यांना सगळं कोरं हवंय."

"चौकटीसुद्धा?"

"चौकटी तर आधी. तुमच्या त्या रेघा आहेत ना? सात का आठ झाल्यात आता. फार हौस तुम्हाला!"

६

फोन ठेवल्यावर तिनं आपल्या घराकडे पाहिलं, धंद्याच्या नजरेनं. बारा वर्षांत ही नजर तिनं स्वतःच्या घरावर कधी टाकली नव्हती.

टिल्लीच्या पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. पुस्तकं उंचीप्रमाणे लागलेली होती. रंगीत पेन्सिली पेल्यात होत्या, सगळ्या सारख्या टोकाच्या, एकही चावलेली नाही. कपाटात घडीवर घडी. बारा वर्षं ती दुसऱ्यांच्या घरात जे करत आली होती, तेच इथे कुणीतरी केलं होतं, आणि त्या व्यवस्थित घरात मधोमध तिची लेक बसली होती, हात मांडीवर, छान, फोटोत शोभेल अशी.

"टिल्ले, खेळायला जात नाहीस?"

"नको."

"भूक?"

"नको." मग थोड्या वेळानं टिल्लीनं हळूच विचारलं, "आई, माझा सशाचा मग कोण वापरतंय?"

आई लगेच म्हणाली, "कुणी नाही गं राणी. उद्या आणते. सगळं परत आणते." तिनं लेकीला उचलून मांडीवर घेतलं. उचलताना तिनं आठ वर्षांच्या मुलीला उचलायचा जोर लावला होता, आणि तेवढा जोर लागलाच नाही.

संध्याकाळी तिनं म्हाताऱ्या मावशीला फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "मावशी, तो घरचं काही न्यायचं नाही असा नियम होता ना तुमचा. तो कशासाठी होता?"

मावशीनं उलट विचारलं, "काय नेलंस?"

"गमबूट. रेनकोट. सशाचा मग. एक जुना ब्रश."

"कुणाचं?"

"मुलीचं."

"अगं पोरी!" मावशीचा आवाज एकदम म्हातारा झाला. "जा आणि घेऊन ये. उद्याच जा. काही म्हणता काही मागे ठेवू नकोस."

"आणि मावशी, तिच्या नावानं चौकटीवर मी उंचीच्या रेघा काढल्या होत्या. त्यातली एक मी पुसली."

फोनवर पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. "बाकीच्या कशा आणशील?" मावशीनं विचारलं. ते विचारणं तिरकस नव्हतं. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

७

रविवारी भर दुपारी ती गेली. नवऱ्याला सांगितलं, "तू घरीच थांब. टिल्लीवरून नजर हलवू नकोस." तो म्हणाला, "ती कुठं जातेय? जागची हलत नाही." ते ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं.

ऊन असं की वाळूकडे बघवत नव्हतं. दार उघडलं तेव्हा आत साबणाचा वास होता आणि ओल्या केसांचा. घर राहतं वाटत होतं, आता मांडलेलं वाटतच नव्हतं. सोफ्यावरची शाल चुरगळून जमिनीवर पडली होती. एका प्लास्टिकच्या लिंबावर दातांच्या खुणा होत्या. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सशाचा मग होता, आणि तळाशी दुधाचा थर होता, अजून न वाळलेला.

ती भराभर पिशवी भरत गेली. सशाचा मग ओतून आत टाकला. गमबूट टाकले. रेनकोट खुंटीवर होता, तो काढताना तिच्या हाताला खालची शिवण लागली. काठ उसवून लांब केला होता आणि पुन्हा शिवला होता, आडव्या मोठ्या टाक्यांनी. असे टाके ती स्वतः घालायची. तिची आई तिला त्यावरून हसायची. न्हाणीघरातल्या पेल्यात मधला ब्रश होता. तोच. कोपऱ्यावरच्या पिंपात टाकलेला. तिनं तोही पिशवीत घातला, आता तिला कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं.

राहिली चौकट.

रेघा नऊ होत्या. सगळ्यात वरची तिच्या खांद्याला लागत होती. तिनं बोटं फिरवली. पुसायच्या? एक पुसली तर टिल्ली नखभर कमी झाली होती. ठेवायच्या? उद्या दुपारी रंगारी येणार होता, ब्रशाच्या दोन हातांत सगळं पांढरं. चौकट उखडून न्यावी तर ती भिंतीत बसवलेली. तिनं पिशवीतून खोडरबर आणि पेन्सिल दोन्ही काढली. तिनं फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"टिल्ली काय करतेय रे?"

"बसलीय की खुर्चीत," नवऱ्याचा आवाज आला. "तू गेलीस तेव्हापासून छान बसलीय. अगं, जरा जास्तच छान. मी गोष्ट सांगितली, हसली नाही. डोळे मिटत नाहीये. मला जरा… तू ये ना लवकर."

"तिच्या कानाशी धर फोन."

"धरला. बोल."

तिनं हाक मारली. रोज संध्याकाळी खिडकीतून मारते तशी, पोटातून. "टिल्ले!"

"ओ!"

फोनमधून नाही. तिच्या मागून. जिन्यावरून.

फोनमध्ये नवरा म्हणत होता, "काही बोलत नाहीये गं. ऐकलंच नाही वाटतं. पुन्हा मार हाक."

तिनं पुन्हा मारली नाही. जिन्यावरून ओली पावलं उतरत आली, आता बूट नव्हते, नुसते तळवे, चप चप चप. समोरच्या सरकत्या काचेत समुद्र होता आणि समुद्रावर तिचं स्वतःचं पुसट प्रतिबिंब. त्या प्रतिबिंबाच्या खांद्यामागे काहीतरी येऊन उभं राहिलं. तिनं नजर खाली वळवली. फरशीवर, चौकटीच्या अगदी लगत, दोन पावलं होती, वाळूनं माखलेली. टिल्लीच्या पावलांपेक्षा कितीतरी मोठी. आणि उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, टिल्लीसारखी, तिच्या बाबांसारखी.

टाचा चौकटीला लागल्याचा आवाज आला.

"आई, माप ना."

आवाजात काहीच चूक नव्हती. ती त्यात चूक शोधत होती, मन लावून, जीव एकवटून, आणि सापडत नव्हती. तिनं डोळे घट्ट मिटले. फळीवरचं एक पोकळ पुस्तक हाताला लागलं. हात आपोआप वर गेला, नेहमीपेक्षा बराच वर, आणि बोटांना केस लागले. ओलसर, खारट, ऊबदार. मधोमध दोन भोवरे. भांग वाकडा होता. आज सकाळी घाईत तिनंच टिल्लीचा भांग वाकडा पाडला होता.

"ताठ उभी राहा," तिच्या तोंडून निघालं.

पेन्सिल फिरली. दहावी रेघ.

"वाढले?"

"वाढलीस गं माझी बाय," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मग डोळे न उघडताच म्हणाली, "चल. चल आता घरी."

थोडा वेळ नुसता समुद्र ऐकू आला. मग तो आवाज म्हणाला, जरा गोंधळून, मोठ्या माणसांचं कधीकधी काही कळत नाही तसा, "घरीच तर आहोत ना?"

८

फोन चालूच होता. नवरा "हॅलो, हॅलो" करत होता. "कोण आहे गं तिथे? कुणाशी बोलतेयस?"

तिनं डोळे उघडले. चौकटीपाशी कुणी नव्हतं, फक्त दोन ओल्या टाचांच्या खुणा होत्या आणि त्या वाळत चालल्या होत्या. वर पावलं धावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढ्या मोठ्या घरात एकटं लेकरू. इतके दिवस एकटंच दूध पीत होतं, एकटंच दात घासत होतं. रेनकोटाचा काठ उसवून देणारं कोण होतं त्याला? तिच्या मनात आलं, आणि मग तिला ते मोठे आडवे टाके आठवले, आणि कोण होतं याचा विचार तिनं तिथंच थांबवला.

पिशवी उघडून तिनं एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली. खुंटीवर रेनकोट. ओट्यावर मग. फळीवर गमबूट, टोकं आत करून. मग तिनं स्वतःच्या पायांतल्या चपला काढल्या आणि त्या बुटांशेजारी ठेवल्या. अंगठ्यापाशी झिजलेल्या, टाचेकडे कललेल्या, चार वर्षं घातलेल्या.

"ऐक," ती फोनमध्ये म्हणाली. "उद्या रंगाऱ्याला दारातून परत पाठवायचंय. तू आत्ताच इकडे निघून ये."

"आणि टिल्ली? तिला घेऊन येऊ?"

ती वरची पावलं ऐकत राहिली. खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या त्या दुसरीचा चेहरा तिनं डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, आणि तिला तो नीट आठवेना.

"तिला बसू दे," ती म्हणाली. "येताना तुझा दातांचा ब्रश घेऊन ये. नवा नको. वापरातला."